लाडूनं मागं ठेवलेली नळी

जोयडा तालुक्यातनं बाहेर पडलेली माणसं पुष्कळ हायत. कुणी गोव्यात हॉटेलात भांडी घासतो, कुणी रामनगरात दुकान मांडून बसलाय, कुणी बेंगळूरला भाड्याची गाडी चालवतो. पण कॅन्सरच्या पेशी सांभाळायला गेलेला अख्ख्या तालुक्यात एकच. नंदिगड्ड्याच्या वरच्या अंगाला चार घरांची वाडी हाय, तिथला लाडू. दुसरा कुणी असला तर नाव सांगावं. गेल्या साली उळवीच्या जत्रेत एकजण छाती काढून सांगत होता, माझा भाचा पण मोठ्या दवाखान्यात हाय म्हणून. खोदून विचारलं तर कळलं, गेटवर गाड्या लावून घेतो.

लाडू धाकटा, म्हादू थोरला. म्हादूविषयी सांगण्यासारखं पुष्कळ हाय, पण हे लिहिणारा तोच हाय, तेव्हा ते राहू दे. तो सातवीपर्यंत शिकला, शेताला तेवढं पुरलं. लाडू बारावीला इंग्रजीत अडकला. तीनदा बसला, तीनदा अडकला. मग रामनगरच्या शंकर व्यापाऱ्याच्या गाडीवर हमाल म्हणून जाऊ लागला. आपल्याकडची कंदांची पोती बेळगावला जायची. एकदा एका मोठ्या दवाखान्याच्या कँटीनला पोती उतरवताना कानावर आलं, की मागच्या प्रयोगशाळेत काचा धुवायला माणूस पाहिजे. लाडू तसाच मातीच्या हातानं आत गेला.

आत पूर्णिमा मॅडम होत्या. प्रयोगशाळा त्यांचीच. त्यांनी आधी त्याचे हात बघितले.

"हे हात चालणार नाहीत."

"धुतो की, मॅडम."

"धुवून पण नाही चालत. आम्ही ज्याच्यावर काम करतो ना, ते बोटाच्या नुसत्या घामानं मरतं. मोजे घालावे लागतील, रोज, दिवसभर. जमेल?"

"आमच्यात मधाचं पोळं काढायला जातो तवा श्वाससुद्धा धरून ठेवतो. मोज्याचं काय घेऊन बसलाय."

मॅडम हसल्या आणि ठेवून घेतला. पंधरा वर्षं झाली त्याला. लाडूनं धुतलेल्या काचेमुळं आजवर एकाचंही काम बिघडलं न्हाई. मॅडम स्वतः असं म्हणाल्यात, ही काय भावाची बढाई न्हाई.

त्याच्या हाताला ही शिस्त आईकडनं आली. आईचं नाव फुला. आमच्या रानात कोन म्हणून कंद होतो, वेलाच्या बुडाशी, जमिनीत हातभर खोल. दिवाळी आली की वेल पिवळे पडतात, तेव्हा काढायचा. बाकीच्या बायका पहार मारून उकरायच्या, निम्मा कंद तुटून जमिनीतच राहायचा. आई पहारीनं फक्त तोंड मोकळं करायची. मग पोटावर पालथी पडून खांद्यापर्यंत हात बिळात घालायची आणि बोटांनी माती काढत राहायची. तासभर. गाल जमिनीला टेकलेला, तोंडात पानतंबाखू, डोळे मिटलेले. लाडू शेजारी बसून बघायचा. कंद अख्खा वर यायचा, आठ-आठ, दहा-दहा किलोचा, एक ओरखडा न्हाई. राखेत भाजून फोडला की आत जांभळा निघायचा. त्या वासाला अजून जोड मिळालेली न्हाई, बेळगावात तर न्हाईच न्हाई.

आणि एक नेम होता. कंद वर आला की वेलाच्या बुडाचं डोकं, मूठभर असतं, ते कापून त्याच बिळात परत पुरायचं. त्यातनं पुढल्या साली नवा वेल येतो. आई ते माती ओढून बंद करायची आणि वर हात दाबून म्हणायची, "जा बाये, खाली जा. पुढल्या साली ये." घरात चुलीवर ठेवायला काही न्हाई म्हणून डोकं शिजवलं, असं आमच्या घरात एकदाही झालं न्हाई. दुसऱ्यांच्या घरात झालंय. नावं घेत न्हाई.

नऊ वर्षांमागं आईच्या गालाच्या आत पांढरा डाग आला. पुढं त्याची जखम झाली. भाकरीचा तुकडा तोंडात जाईना, तेव्हा कुठं तिनं सांगितलं. लाडू येऊन बेळगावला घेऊन गेला. ऑपरेशन ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी एक बाई कागद घेऊन आली. काढलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासाला ठेवायचा, परवानगी पाहिजे.

आईनं लाडूला विचारलं, "काय करणार रं त्याचं?"

"वाढवून बघत्यात, आये. बी धरल्यागत."

"असल्या खोट्या वाणाचं कशाला बी धरत्यात?"

"वाण खोटं कशानं झालं ते कळावं म्हणून."

"मग घ्या म्हणावं. माझ्या कामाचं न्हाईच ते." आणि तिनं अंगठा दिला.

ऑपरेशनच्या दिवशी तुकडा बर्फाच्या डब्यातनं प्रयोगशाळेत न्यायचं काम लाडूचंच होतं. ते रोजचंच काम. प्रयोगशाळेत कुणाचं नाव जात न्हाई, नुसता नंबर जातो. नाव वेगळ्या फाईलीत, कुलपात. पण त्या दिवशी एकच डबा होता आणि त्यावर नंबर होता एकशे सेहेचाळीस. लाडूनं तो वाचला आणि कुणाला काही बोलला न्हाई.

आई अकरा महिन्यांनी गेली. शेवटी शेवटी बोलता येत न्हवतं, हातानं खुणा करायची. तो काळ लिहिण्यासारखा न्हाई.

तिचे दिवस झाल्यावर लाडू कामावर परत गेला. त्या वर्षात चाळीसेक तुकडे आले होते. माणसाच्या अंगाबाहेर, काचेच्या बाटलीत, गुलाबी पाण्यात पेशी जगवायच्या म्हणजे सोपं न्हाई. बहुतेक मरतात. चाळिसांतले तीन लागले. त्या तिनांत एकशे सेहेचाळीस होता.

कॅन्सरच्या पेशी वाढल्या यात फुशारकी कसली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्या बाईनं जिथं हात लावला तिथं कंद लागला, तिचं काचेत पण लागणारच.

शिमग्याला घरी आला तेव्हा लाडूनं म्हादूला परसात गाठलं.

"दादा, एक सांगतो. कुणाला बोलायचं न्हाई."

"बोल."

"आई हाय अजून."

म्हादूनं हातातला कोयता खाली ठेवला. "ऊन लागलं काय तुला?"

मग लाडूनं सगळं सांगितलं. एकशे सेहेचाळीस नंबरच्या पेशी बोटाएवढ्या नळ्यांत भरून टाकीत ठेवल्यात. टाकीत पातळ केलेला नायट्रोजन असतो, बर्फापेक्षा कितीतरी गार, हात घातला तर बोटं काचेगत फुटतील. त्या गारव्यात पेशी ना वाढतात ना मरतात. वीस वर्षांनी काढून गरम केलं तरी जाग्या होतात. आणि त्या टाकीत नायट्रोजन भरायचं काम कुणाचं? लाडूचं. दर शनिवारी लाकडी पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. पट्टीवर जिथंपर्यंत पांढरं दव धरतं तिथंपर्यंत नायट्रोजन. कमी दिसला की ओतायचा.

"म्हणजे तू तिला सांभाळतोस," म्हादू म्हणाला.

"तसंच म्हण."

कुणाला बोलायचं न्हाई म्हटल्यावर म्हादूनं आठ दिवस कुणाला सांगितलं न्हाई. नवव्या दिवशी वाडीभर झालं. शेजारचा झिलू येऊन दारात उभा राहिला.

"काय म्हादू, तुझी आई बेळगावात बाटलीत बसलीय म्हणं."

"बसलीय. माणसं शिकायला येत्यात तिच्याकडं. तुझ्या घरातलं कोण गेलंय काय शिकवायला?"

झिलू पुन्हा त्या विषयावर आला न्हाई.

पुढं दांडेलीची रक्षिता म्हणून एक पोरगी संशोधन करायला आली. हुशार, बोलकी, लाडूला लाडूअण्णा म्हणायची. तिनं नेमक्या एकशे सेहेचाळीसच्याच पेशी कामाला घेतल्या. लाडू बाटल्या आणून देताना एक दिवस न राहवून बोलला, "एवढं काय बघता ओ त्यांच्यात रोज?"

तिनं खुर्ची ओढून त्याला बसवलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी खुर्ची दिली न्हवती असं न्हाई, पण शिकवायला म्हणून हीच पहिली.

"अण्णा, प्रत्येक पेशीत अख्ख्या अंगाची पोथी असते. हात कसा करायचा, दात कसा, सगळं. पण पेशी सगळी पोथी वाचत नाही. लागेल तेवढ्या पानाची नक्कल काढते. त्या नकलेला आरएनए म्हणतात. तिच्यावरून काम चालतं."

"ते म्हाईत हाय. घामानं मरतं ते, मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"तेच. पण त्यात एक बारीक जात असते. मायक्रो-आरएनए. जेमतेम बावीस अक्षरांचा. त्याच्यावरून काहीच बनत नाही. तो फक्त मोठ्या नकलेला जाऊन चिकटतो, आणि ती नक्कल गप्प होते."

"म्हणजे गप बस म्हणणारा."

"हां. आता मूळपेशी असते, ती पोरासारखी. पुढं तिचं काही पण होईल, आणि ती वाढत राहते. तिच्यात एक विशिष्ट बारीक आरएनए दाबून ठेवलेला असतो. पेशी मोठी व्हायची वेळ आली की तो सुटतो, आणि पोरपणाच्या नकला गप्प करतो. मग पेशी शहाणी होते. कातडीची कातडीचं काम करते, वाढणं थांबवते."

"आणि ह्या?"

"ह्यांच्यातल्या काहींनी तो बारीक आरएनए घालवलाय. म्हातारपणी परत पोर झाल्यात. गाठ कापली, औषध दिलं, बाकीच्या मरतात. ह्या थोड्या राहतात आणि परत गाठ धरतात."

लाडूनं ते घरी येऊन म्हादूला जसं सांगितलं तसं कुठल्या प्रोफेसरला जमणार न्हाई. तो म्हणाला, "दादा, शिमग्यात मांडावर ढोल सुरू झाला की पोरांना कुणी थांबा म्हणून ओरडत न्हाई. आवाजात ऐकू कुठलं यायचं? कडेला बसलेला म्हातारा नुसतं बोट वर करतो आणि ढोल थांबतो. तो बारीक आरएनए म्हणजे ते बोट. आईच्या गालात म्हातारा उठून गेला आणि ढोल वाजतच राहिले."

म्हादूला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आई कशानं गेली. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, कारण सांगितलं न्हवतं.

वर्षं गेली. पेशी बाटलीत वाढवता येतात, पण पिढी मागनं पिढी गेली की त्या बदलत जातात. काचेत राहून काचेच्याच होतात, मग ओतून टाकतात. खरं काम करायचं तर पहिल्या पिढीच्या पाहिजेत, आईच्या अंगातनं निघाल्या तशा. त्या नळ्या मोजक्या. प्रत्येक प्रयोगाला एक-एक जात गेली. शेवटी दोन उरल्या.

परतीचा पाऊस चालू होता. रक्षिताचा शेवटचा प्रयोग ठरला. बाहेर तयार करून आणलेला तो बारीक आरएनए ह्या पेशींत सोडायचा आणि त्या शहाण्या होतात का बघायचं. फाल्गुनाच्या आत तिला प्रबंध द्यायचा होता.

मॅडम म्हणाल्या, "लाडू, एकशे सेहेचाळीसच्या दोन्ही काढ."

लाडूनं टाकीचं झाकण उघडलं. धूर वर आला. चिमट्यानं डबा वर घेतला, त्यात दोन नळ्या, निळ्या टोपणाच्या. एक काढली. दुसऱ्या नळीशी हात गेला आणि थांबला. आजवर त्या हातानं एकही कंद मुळापासनं उपटला न्हवता. त्यानं ती नळी उचलली आणि त्याच टाकीत, उंदरांच्या पेशींचा डबा होता, त्याच्या सगळ्यात खालच्या खणात सारली.

बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, एक फुटली." टाकीतनं काढताना कधी कधी नळी फुटते, आत नायट्रोजन शिरलेला असतो. कुणाला संशय येण्यासारखं न्हवतं. त्यातनं सांगणारा लाडू.

रक्षिता म्हणाली, "असू दे अण्णा, एकीवर भागवते."

चौथ्या दिवशी बाटलीत कापसासारखे पुंजके दिसले. बुरशी. पावसाळी हवेत छतातल्या गार हवेच्या यंत्रातनं आली असणार. एकदा शिरली की बाटली गेली. सगळं ओतून टाकायला लागलं. रक्षिता धुण्याच्या मोरीपाशी येऊन उभी राहिली, तोंड भिंतीकडं करून. लाडूच्या हातात बाटल्या होत्या.

"चार वर्षं, अण्णा," ती म्हणाली. "मॅडम म्हणतात आहे तेवढ्यावर लिही. शेवटचं पानच नाही तर काय लिहू?"

लाडू बाटल्या धूत राहिला. एक बाटली त्यानं तीनदा धुतली.

दिवाळीला घरी आला. जेवेना, बोलेना. म्हादूनं ओळखलं. धाकट्याचं तोंड थोरल्याला वाचता येत न्हाई तर कुणाला येईल? पाडव्याला दोघं पहिला कोन काढायला वर गेले, तेव्हा लाडूनं सांगून टाकलं. नळी लपवली ती, फुटली म्हणून सांगितलं ते, रक्षिताचं रडणं.

म्हादू लगेच म्हणाला, "बरं केलंस. ठेव तशीच."

"पोरीचं चार वर्षांचं काम अडलंय, दादा."

"पोरीला दुसऱ्या पेशी मिळतील. आपल्याला दुसरी आई कुठली मिळणार? तुला म्हाईत हाय काय, उळवीला गेलो की मी एक नारळ अजून तिच्या नावानं जित्या माणसाचा म्हणून ठेवतो."

लाडूनं पहारीनं बिळाचं तोंड मोकळं केलं. पालथा पडून हात बिळात घातला. पाऊण तासानं कंद वर आला, चांगला सात किलोचा, अख्खा. त्यानं डोकं कापलं, परत पुरलं, माती ओढली आणि हात तसाच दाबून ठेवून विचारलं, "दादा, हे आपण कशाला पुरतो?"

"पुढल्या साली कंद यावा म्हणून. हे काय विचारणं झालं?"

"आणि पुढल्या साली न्हाई काढला, त्याच्या पुढल्या साली पण न्हाई?"

"मग रानडुकरं खातील, न्हाईतर कुजंल."

लाडू उठून हात झाडू लागला. उत्तर म्हादूच्याच तोंडातनं आलं होतं. लाडूला पुढं बोलायची गरज न्हवती, आणि त्याचाच म्हादूला राग आला. म्हादू त्या दिवशी भाजलेल्या कोनाला शिवला न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लाडूला गाडीवर सोडायला खाली आला. गाडीचा आवाज वळणावर आला तेव्हा म्हणाला, "दे. पण काढायची तूच. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

"मॅडम मला ठेवतील का न्हाई, तेच म्हाईत न्हाई, दादा."

"न्हाई ठेवलं तर घरी ये. कोन खपतोच हाय."

सोमवारी लाडूनं मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला.

"फुटली म्हणून खोटं सांगितलंस?"

"व्हय."

"पंधरा वर्षं मी तुझ्या शब्दावर टाकी सोडलीय, लाडू. कधी उघडून बघितली नाही."

"व्हय, मॅडम."

"का?"

लाडूनं खाली बघत सांगितलं, "एकशे सेहेचाळीस माझी आई हाय."

मॅडमनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. नंबरामागचं माणूस कोण हे त्यांनाही म्हाईत असायचं न्हाई, तसा नियमच हाय. लाडूच्या आईला त्यांनी दवाखान्यात बघितलं होतं, तिच्यासाठी घरनं पेज आणली होती. पण ह्या बाटल्यांत तीच हाय हे त्यांच्या ध्यानात कधी आलं न्हवतं.

"एवढी वर्षं तू त्या बाटल्या उचलून देत होतास."

"माझंच काम हाय ते."

"ऐक," मॅडम म्हणाल्या. "कागदावर तिचा अंगठा आहे, म्हणून मला वापरता येईल. पण तू नको म्हणालास तर मी नाही वापरणार. रक्षिताला मी सांगेन, माझ्या जबाबदारीवर. आणि खोटं बोलल्याबद्दल मी तुला वेगळं बोलणार आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. आता सांग."

कुणी अडवत न्हवतं. नळी राखता आली असती, नोकरी पण. लाडूनं डोकं वर केलं.

"अंगठा तिनं दिलाय, मॅडम. तिला नुसतं जपून ठेवा म्हणायचं असतं तर तसं म्हणाली असती. मीच मधे आलो."

नळी लाडूनंच काढली. कोमट पाण्यात धरून हलवायची असते, मिनिटभर, तांदळाएवढा बर्फ राहिला की थांबायचं. रक्षितानं घड्याळ धरलं. तिला तोवर मॅडमनी सगळं सांगितलं होतं. नळी त्याच्या हातातनं घेताना तिनं दोन्ही हात पुढं केले, देवळात प्रसाद घेतात तसे.

पेशी जाग्या झाल्या. ह्या बाईला कधी उशीर झाला न्हाई. आठ दिवसांत चोवीस बाटल्या झाल्या. बारांत खरा बारीक आरएनए सोडला. बारांत खोटा, अक्षरं तीच, पण उलटीपालटी केलेली. फरक पडला तर तो कशानं पडला हे कळायला पाहिजे ना.

सहाव्या दिवशी संध्याकाळी रक्षितानं त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी खोट्याची बाटली लावली. पेशी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, गोळे धरलेले, इतकी वर्षं दिसायच्या तशाच. मग दुसरी लावली.

लाडू बघत राहिला. ह्या पसरल्या होत्या. एकमेकींच्या शेजारी, पायवाटेला फरश्या बसवाव्यात तशा, चपट्या, मोठ्या. गोळे जवळजवळ न्हवतेच.

"बाराही अशाच?" त्यानं विचारलं.

"दहा पक्क्या अशाच. दोन थोड्या कमी." रक्षितानं दुसरी एक बाटली पुढं सरकवली. "वाढणं थांबलंय, अण्णा. काही तर म्हाताऱ्या होऊन जायला लागल्यात."

"शहाण्या झाल्या."

"हो."

ह्यावरनं औषध निघालं असं कुणी समजू नये. मॅडम म्हणाल्या, काचेत जमलं ते अंगात जमेल असं नसतं, वीस वर्षं लागतील, कदाचित कधीच होणार न्हाई. पण रक्षिताचं शेवटचं पान लिहून झालं. फाल्गुनाच्या आत तिनं प्रबंध दिला, पुढं डॉक्टर झाली आणि पेढे घेऊन वाडीवर आली. झिलूला पण दिले.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. बघून झाल्यावर चोवीसही बाटल्यांतल्या पेशी फोडायच्या होत्या, आतला आरएनए काढून मोजायला. खऱ्याच्या बारा आणि खोट्याच्या बारा, सगळ्याच. ठेवण्यासारखं काही उरणार न्हवतं. रक्षिता म्हणाली, "तुम्ही जा अण्णा, मी करते." लाडू गेला न्हाई. एक-एक बाटली तो तिच्या हातात देत गेला, रिकामी झालेली घेत गेला. मग मोरीपाशी जाऊन चोवीसही धुतल्या आणि पालथ्या घातल्या.

म्हादूला फोन आला तेव्हा तो वरच्या खडकावर होता. वाडीत तिथंच आवाज लागतो. सांज पडत होती, खाली भाताच्या मळण्या चालल्या होत्या.

"झालं, दादा."

"काय झालं ते नीट सांग."

लाडूनं सांगितलं. दहा पक्क्या, दोन थोड्या कमी.

म्हादूनं विचारलं, "आणि आता टाकीत काही न्हाई?"

"न्हाई."

"थोडं पण न्हाई?"

"न्हाई, दादा."

खडकावर वारा होता. म्हादूनं फोन दुसऱ्या कानाला लावला. एवढी वर्षं दारावर आलेल्या माणसाला सांगायला एक गोष्ट होती, ती संपली. शेवटी त्यानं विचारलं, "दुखलं असंल काय तिला?"

"पेशीला दुखत न्हाई. आणि ह्या तर गप बसल्या होत्या. मी बघितलं."

"बरं," म्हादू म्हणाला. "मग आता चार दिवस सुट्टी काढ. शनिवारी ये. दोघं मिळून तिच्या नावानं काय करायचं ते करू, नीट, शेवटचं."

"शनिवारी न्हाई जमायचं, रविवारी येतो," लाडू म्हणाला. "शनिवारी टाकी भरायची हाय. बाकीच्यांच्या आया हायत तिथं."